औषधी अळिंबी : वजन आणि उतारा

ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. टनेज वेगळे आणि उतारा वेगळा. एकरी टन वाढले तरी साखर उतारा घसरला तर कारखान्याच्या हाती काही लागत नाही, म्हणूनच उसाचा दर उताऱ्याशी जोडला गेला. औषधी अळिंबीच्या बाबतीत मात्र आपण अजून टनेजच्याच भाषेत बोलत आहोत. 'किलोला काय भाव', 'एका बरणीत किती निघते', एवढ्यावर व्यवहार होतो. वैद्याला आणि निर्माणशाळेच्या चालकाला खरे प्रयोजन आहे ते त्यातील कार्यकारी घटकांशी. प्रस्तुत लेखात हा उतारा कसा वाढविता येतो, कोठे घटतो आणि कोठे तो केवळ कागदावर वाढलेला दिसतो, याचा विचार केला आहे.

हा विषय हाती घेण्यास एक प्रसंग कारण झाला. २०२१ साली प्रस्तुत लेखकाने एका पुरवठादाराकडून गॅनोडर्माचे चूर्ण घेतले होते. डबीवर 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असे ठळक छापलेले होते. दोन महिने ते काही रुग्णांना दिलेही; त्यांत केमोथेरपी पूर्ण करून आलेले एक सेवानिवृत्त शिक्षक होते. एके दिवशी चूर्णाची चव घेतली असता त्यात तिक्तता जवळजवळ नव्हती, जिभेवर पिठूळपणा तेवढा राहिला. गॅनोडर्मा तिक्त असलाच पाहिजे, म्हणून चिमूटभर चूर्ण पाण्यात उकळून, थंड करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. पाणी निळेकाळे झाले. पुरवठादाराला विचारले तेव्हा त्याने काही न लपविता सांगितले की धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून धान्यासकट सर्व दळले जाते. 'या पद्धतीत उत्पादन भरपूर निघते, साहेब.' स्टार्च हादेखील पॉलिसॅकराइडच होय, त्यामुळे छापलेला आकडा खोटा नव्हता. गुरुजींना पैसे परत केले. दोन महिने आपण त्यांना बहुतांशी पीठ दिले, हे सांगणे सोपे गेले नाही.

शास्त्राधार

आपल्या संहितांत छत्रकांचा उल्लेख शाकवर्गात येतो आणि तो फारसा गौरवाचा नाही. चरकांनी सर्पच्छत्रक वर्ज्य करून इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरु आणि पीनसकर मानल्या आहेत. भावप्रकाशात संस्वेदज शाके पिच्छिल, गुरु व दोषल म्हटली असून छर्दि, अतिसार, ज्वर व कफविकार यांना ती कारण होतात असे सांगितले आहे. मात्र शुचि स्थानी, काष्ठ, वंश वा गोमय यांवर उगवणारी श्वेत छत्रके तितकी दोषकर नाहीत, असा अपवादही तेथेच आहे. आपल्या आजच्या विषयाला सर्वांत जवळचे वचन सुश्रुतांचे. सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात उद्भिद शाकांचे पराळ, ऊस, शेण, वेळू आणि भूमी असे पाच आश्रय सांगून प्रत्येकाचे गुण वेगळे वर्णिले आहेत. पराळावरचे दोषप्रशमन, तर शेणावरचे आणि वेळूवरचे कषाय व वातप्रकोपक. भूमीतून उगवणाऱ्याचा अनुरस तर भूमीप्रमाणे बदलतो. ज्यावर वाढले त्याचा गुण अळिंबीत उतरतो, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. आधुनिक बुरशीशास्त्र ज्याला माध्यमाचा परिणाम म्हणते तो याहून निराळा नाही.

दुसरा आधार चरकांच्या कल्पस्थानाचा. संयोग, विश्लेष, काल, संस्कार आणि युक्ती यांच्या योगाने अल्प द्रव्यही मोठे कार्य करू शकते व पुष्कळ द्रव्यही निष्फळ ठरू शकते, असा त्याच्या १२व्या अध्यायाचा आशय आहे. पुढील विवेचन या पाच शब्दांच्या आधाराने वाचल्यास विषय परका वाटणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात अळिंबीचा औषधी उपयोग केवळ पोथीपुरता राहिलेला नाही. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर येणारे काष्ठासारखे कठीण फणसाळंबे, म्हणजेच फणसांबा, उगाळून लहान मुलांच्या मुखपाकावर आणि लाळ फार गळत असल्यास लावण्याची परंपरा आहे. पुणे विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जितेंद्र वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी या द्रव्याचा अभ्यास करून ते फेलिनस वर्गातील बुरशींचे असल्याचे दाखविले. फणसांबा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. झाड तोडले की तोही संपतो. अशा द्रव्याची मागणी वाढली तर लागवडीवाचून मार्ग नाही. हिमालयातील कीडाजडीचे तेच झाले. अतिसंग्रहामुळे २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला 'असुरक्षित' गटात टाकले.

पिंपरीचा धडा

बुरशीपासून मिळणाऱ्या औषधाचा उतारा वाढविण्याचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण पेनिसिलिनचे आहे. त्याची एक शाखा आपल्याच राज्यात वाढली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तोपर्यंत जगाने पंधरा वर्षांत काय साधले होते ते पाहण्यासारखे आहे. फ्लेमिंग यांच्या १९२८ सालच्या बुरशीपासून मिलिलिटरमागे एखाद-दोन युनिट पेनिसिलिन मिळे. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे बाजारातील एका बुरसलेल्या खरबुजावर अधिक उत्पादक बुरशी सापडली. तिच्यावर क्ष-किरण व अतिनील किरणांचे प्रयोग करून निवडलेल्या विस्कॉन्सिनच्या क्यू-१७६ या वाणाने सुमारे नऊशे युनिटांपर्यंत मजल मारली.

हे केवळ वाणामुळे घडले नाही. मक्याचे स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी माध्यमात घातल्याने उत्पादन पुष्कळ वाढले. टाकाऊ वस्तूचे मोल झाले. बुरशी सावकाश पचविते अशी दुग्धशर्करा दिल्यास पेनिसिलिन अधिक काळ तयार होत राहते, हे लक्षात आले. पेनिसिलिनच्या रेणूत जो अंश लागतो त्याचे पूर्वद्रव्य, म्हणजे फिनाइल ॲसिटिक आम्ल, आयते पुरविले की बुरशीचे श्रम वाचतात, हेही समजले. वाण, आहार, आहाराची गती आणि पूर्वद्रव्य या चार वाटा औषधी अळिंबीलाही जशाच्या तशा लागू पडतात.

यामागचे कारण लक्षात घेतले पाहिजे. बुरशीला आपल्या रुग्णांसाठी औषध बनवायचे नसते. भरपूर अन्न असताना ती केवळ वाढते. अन्न, विशेषतः नायट्रोजन, तुटू लागले, वाढ मंदावली, स्पर्धक आला किंवा फळधारणेची वेळ आली की ती संरक्षक व दुय्यम द्रव्ये तयार करते. म्हणून पुष्टी आणि वीर्य यांत बहुधा ओढाताण असते. एका बरणीत १० ग्रॅम सुके द्रव्य आले व ग्रॅममागे २ मिलिग्रॅम घटक असला तर बरणीचा उतारा २० मिलिग्रॅम. दुसरीत ७ ग्रॅमच आले, पण ग्रॅममागे ४ मिलिग्रॅम निघाले तर उतारा २८ मिलिग्रॅम. पहिली बरणी पाहणाऱ्याला सुंदर दिसते. वैद्याला दुसरी हवी.

बियाणे

जालन्यात बियाण्याचे महत्त्व सांगण्याची गरज नसावी. १९६४ साली येथून सुरू झालेल्या बियाणे उद्योगाने जिल्ह्याला ओळख दिली आणि बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित या बियाण्याच्या तीन पायऱ्या येथील सामान्य शेतकऱ्यालाही ठाऊक आहेत. अळिंबीच्या स्पॉनलाही अशाच पिढ्या असतात. शुद्ध संवर्धनापासून मातृस्पॉन, त्यापासून लागवडीचा स्पॉन. दुर्दैवाने अळिंबीच्या व्यवसायात हा हिशेब फार थोडे लोक ठेवतात.

कॉर्डिसेप्स मिलिटारिस या बुरशीच्या बाबतीत ही हेळसांड फार महाग पडते. हिच्यातील कॉर्डिसेपिन हे द्रव्य १९५० साली प्रथम वेगळे करण्यात आले. ही बुरशी वारंवार एका बशीतून दुसऱ्या बशीत नेत राहिल्यास तिचा ऱ्हास होतो. तंतू पांढरे, कापसासारखे फुगीर दिसू लागतात, प्रकाशात ठेवूनही केशरी रंग धरत नाहीत, काड्या विरळ येतात किंवा मुळीच येत नाहीत आणि कॉर्डिसेपिनही घटते. तिच्यात परस्परपूरक असे दोन संयोग-प्रकार असतात. त्यांपैकी एक गळाला तर फळधारणा बिघडते. उपाय साधा आहे. मूळ संवर्धन मिळताच त्याच्या अनेक लहान कुप्या करून ग्लिसरॉलमध्ये अतिशीत तापमानात ठेवाव्यात, प्रत्येक हंगामाला नवी कुपी काढावी आणि तीन-चार पिढ्यांपलीकडे जाऊ नये. ज्याच्याजवळ ही सोय नसेल त्याने दर हंगामाला संवर्धन विश्वासू संस्थेकडून आणावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे, चंडीगढला सूक्ष्मजीव संग्रह आहे, हिमाचल प्रदेशातील सोलन येथे अळिंबी संशोधन संचालनालय आहे. शेजाऱ्याच्या बरणीतून आणलेला तुकडा हे बियाणे नव्हे.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. बाजारात कीडाजडी आणि कॉर्डिसेप्स मिलिटारिस एकाच नावाने विकली जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात कॉर्डिसेपिन बनविणारा जनुकसमूह मिलिटारिसमध्ये आढळला. हिमालयातील कीडाजडीत तो आढळला नाही. म्हणजे कॉर्डिसेपिनसाठी कीडाजडीचे दर मोजणे निरर्थक आहे.

आहार : कोश, पऱ्हाट्या आणि भुसा

मिलिटारिस निसर्गात फुलपाखरू-पतंगवर्गीय कीटकांच्या कोशस्थ अवस्थेवर वाढते. प्रयोगशाळेत तिला असडीक तांदळावर, पेप्टोन, यीस्ट अर्क व ग्लुकोजयुक्त पोषक पाणी घालून वाढवितात. कोरिया व चीन येथे रेशीमकिड्यांच्या प्यूप्यांचा उपयोग करतात. या मुद्द्यावर आपल्या जिल्ह्याला एक संधी आहे. २०१८ साली जालना बाजार समितीत रेशीम कोशांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातील तुतीबागायतदारांचे कोश येथे येऊ लागले. कोशांतून सूत काढल्यावर प्यूपा उरतो. प्रथिने व स्निग्धांश यांनी समृद्ध असा हा प्यूपा वाळवून, स्नेह काढून, अल्प प्रमाणात तांदळाच्या माध्यमात मिसळता येतो. पिओरियाच्या मक्याच्या पाण्याची आठवण व्हावी असे हे उदाहरण आहे. प्रमाण मात्र सांभाळावे. नायट्रोजन जास्त झाला की तंतूंची गादी जाड होते आणि फळधारणा लांबते.

प्यूप्यावर वाढविलेले औषध देण्यापूर्वी रुग्णाला तसे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे माळकरी आणि जैन रुग्ण मोठ्या संख्येने येतात. 'अळिंबी शाकाहारी असते' एवढ्या उत्तरावर त्यांची बोळवण करणे हा विश्वासघात होईल. निर्माणशाळेने तांदळावरचा आणि प्यूप्यावरचा माल वेगळा ठेवावा, वेष्टनावर तसा उल्लेख करावा.

पूर्वद्रव्याची वाटही येथे चोखाळली गेली आहे. कॉर्डिसेपिन हे ॲडेनोसिनचेच किंचित बदललेले रूप असल्याने द्रव माध्यमात ॲडेनिन किंवा ॲडेनोसिन घातल्यास उत्पादन वाढते. जपानमधील संशोधकांनी किरणप्रयोगाने निवडलेला वाण आणि ॲडेनोसिन यांच्या साहाय्याने २०१० साली लिटरमागे सुमारे साडेआठ ग्रॅम कॉर्डिसेपिन मिळविल्याचे प्रसिद्ध केले. शुद्ध रेणू काढणाऱ्या कारखान्याला ही पद्धत योग्य आहे. संपूर्ण द्रव्य चूर्णरूपाने देणाऱ्या आपल्यासारख्यांना ती योग्य नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण न वापरले गेलेले ॲडेनोसिन तपासल्याशिवाय रुग्णाच्या पोटात जाईल.

गॅनोडर्मासाठी लाकडाचा भुसा, त्यात साधारण २० टक्के गव्हाचा कोंडा आणि थोडी चुनखडी, सुमारे ६५ टक्के ओलावा, आणि १२१ अंश तापमानाला दीड-दोन तास वाफेचे निर्जंतुकीकरण, असा सामान्य क्रम आहे. सागाचा भुसा वापरू नये. सागाला कीड-बुरशी न लागण्याचे कारण असलेली नैसर्गिक द्रव्येच येथे आडवी येतात. प्लायवूड व रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा भुसा तर सर्वस्वी वर्ज्य. आंबा, बाभूळ यांचा भुसा चालतो. आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या विपुल आहेत आणि त्या बारीक करून वापरता येतात. पण कपाशीवर किती फवारण्या झाल्या आहेत हे विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

याच संदर्भात धिंगरीबद्दल एक सूचना. काड निर्जंतुक करण्यासाठी कार्बेन्डाझिम व फॉर्मेलिनच्या द्रावणात ते रात्रभर भिजविण्याची पद्धत प्रशिक्षणवर्गांत आणि पुस्तिकांत सर्वत्र सांगितली जाते. भाजीच्या उत्पादनात ती रुळलेली असली तरी बुरशीनाशकात भिजविलेल्या काडावर बुरशीजन्य औषध वाढविणे आपल्या बुद्धीला पटू नये. ८० अंशांच्या गरम पाण्यात किंवा वाफेवर काड शिजवून घ्यावे. इंधन लागते, कष्ट वाढतात, ते किमतीत धरावे.

अळिंबी माध्यमातील कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठविते. उतारा वाढविण्याच्या प्रयत्नात हा नकोसा उताराही वाढू शकतो. कारखान्यांच्या परिसरातील पाणी वा भुसा वापरायचा असल्यास आधी तपासणी करावी. वनस्पतिज औषधांसाठी शिसे दशलक्षांशात १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा आपल्या परिचयाच्या आहेत. अळिंबीला त्यांतील शेवटची सर्वांत अवघड जाते.

देश आणि काल

मिलिटारिसला १८ ते २२ अंश तापमान लागते. प्रथम अंधारात तंतू पसरू द्यावेत, माध्यम पांढरे झाल्यावर रोज सुमारे बारा तास प्रकाश द्यावा. निळसर प्रकाशात केशरी रंगद्रव्य व कॉर्डिसेपिन दोन्ही वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्के हवी. दीड-दोन महिन्यांत काड्या काढणीस येतात. जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. वातानुकूलित खोली आणि विजेची पर्यायी व्यवस्था नसताना येथे बारमाही मिलिटारिसचा संकल्प करणाऱ्यांचे नुकसान होते. प्रस्तुत लेखकाने एका एप्रिलमध्ये हा मोह केला. वीज एक रात्र आणि अर्धा दिवस गेली आणि आठवडाभरात बरण्यांवर हिरवी बुरशी चढली.

गॅनोडर्माला मात्र आपली हवा अनुकूल आहे. तंतू वाढताना ३० अंशांच्या आसपास, फळधारणेच्या वेळी २५ ते ३० अंश आणि ८५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता, म्हणजे मृगापासून दिवाळीपर्यंतचा काळ जवळजवळ जसाच्या तसा चालतो. हवा कोंडली व कर्बवायू ०.१ टक्क्याच्या वर गेला तर छत्री न उघडता हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटतात. छत्री हवी असल्यास वारा खेळता ठेवावा. थंडीत धिंगरी घ्यावी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी चौकशी करून प्रथम धिंगरीवर हात बसवावा आणि मगच औषधी जातींकडे वळावे, हे नवीन मंडळींना सांगणे.

धिंगरीच्या बाबतीत उतारा वाढविण्याची एक पद्धत तर विनामूल्य आहे. अळिंबीत एर्गोस्टेरॉल असते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याचे जीवनसत्त्व डी-२ मध्ये रूपांतर होते. काढलेली ताजी धिंगरी चिरून, पडद्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवावी आणि मग सावलीत वाळवावी. मराठवाड्यात उन्हाची टंचाई नाही. आपण सवयीने सगळेच सावलीत वाळवितो, येथे तो नियम थोडा मोडावा लागतो.

संग्रहण आणि कल्प

गॅनोडर्माच्या तिक्ततेला कारण असलेली ट्रायटर्पिन द्रव्ये कोवळ्या अवस्थेत अधिक असतात आणि बीजाणू गळून छत्री जून झाली की घटतात. वजनासाठी छत्री जून होईपर्यंत ठेवण्याचा मोह होतो. कडेची पांढरी किनार नाहीशी होण्याच्या सुमारास काढणी करणे हा मध्यममार्ग होय. द्रव संवर्धनात आधी हलवत वाढवून नंतर न हलविता स्थिर ठेवल्यास गॅनोडरिक आम्ले वाढतात, असे चिनी संशोधकांनी २००२ साली दाखविले. वाढ आणि वीर्य यांचे काल वेगळे आहेत याचेच ते प्रमाण आहे.

ताज्या काड्यांत व धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणून दहा किलोचे किलोभरच उरते. वाळविताना ५०-५५ अंशांपलीकडे जाऊ नये. ओलावा १० टक्क्यांखाली आणून हवाबंद ठेवावे. पावसाळ्यात उघडी पोती ठेवणारे आपला सगळा उतारा दमटपणाला देतात.

कॉर्डिसेप्सच्या काड्या कापून घेतल्यावर खालचा तांदूळ बहुधा फेकून देतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, काड्यांतच दळतात. वस्तुतः त्या तांदळात कॉर्डिसेपिन बऱ्यापैकी उतरलेले असते. निम्मे पाणी व निम्मे अल्कोहोल अशा मिश्रणात तो भिजविल्यास स्टार्च मागे राहतो आणि घटक द्रवात येतो. गाळून, आटवून, मापून तो घ्यावा. तांदूळ दळून अळिंबी म्हणून विकणे आणि तांदळातून घटक काढून मोजून वापरणे, या दोहोंतील पहिले भेसळ आहे व दुसरे संस्कार. पुरवठादारांच्या बोलण्यात हा भेद फार सहज पुसला जातो.

खरी गळती मात्र शेवटच्या पायरीवर, आपल्याच हातून होते. अळिंबीच्या पेशींची भित्ती कायटिनची असते आणि आपला जठराग्नी ती पुरती फोडू शकत नाही. गॅनोडर्माचे नुसते चूर्ण दिले तर त्यातील बीटा-ग्लुकानचा बराच भाग तसाच बाहेर पडतो. यवकुट करून सोळापट पाण्यात मंदाग्नीवर दोन-तीन तास क्वाथ करावा, गाळलेल्या चोथ्याचा पुन्हा एकदा क्वाथ करावा, दोन्ही एकत्र आटवून घन करावा. ट्रायटर्पिने पाण्यात अल्प येतात. त्यांसाठी चोथा तीव्र अल्कोहोलमध्ये भिजवावा लागतो. अरिष्टात स्वयंजात मद्यांश एवढा नसतो, त्यामुळे 'गॅनोडर्मारिष्ट' करून दोन्ही साधेल ही अपेक्षा धरू नये. क्वाथघन बुळबुळीत व सौम्य लागला आणि अल्कोहोलचा अर्क कडू झाला तर काम बरोबर चालले आहे असे जिभेने समजते. यंत्र नसलेल्या वैद्याजवळ ही रसपरीक्षा आहेच.

परीक्षा, दोष आणि कायदा

आयोडीनची परीक्षा आधी सांगितली. निळाकाळा रंग म्हणजे धान्य मिसळले आहे. तांबूस तपकिरी छटा आली तर घाबरू नये, ती बुरशीच्या स्वतःच्या ग्लायकोजेनची असते. परंतु रंग न येणे म्हणजे औषध उत्तम असे नव्हे. प्रयोगशाळेच्या अहवालात 'एकूण पॉलिसॅकराइड' न मागता बीटा-ग्लुकान वेगळे आणि अल्फा-ग्लुकान वेगळे मागावे. अल्फा म्हणजे मुख्यतः स्टार्च. कॉर्डिसेपिनसाठी एचपीएलसी अहवाल मागावा आणि तो त्याच बॅचचा आहे ना हे पाहावे.

उतारा वाढविण्यात एक धोका आहे आणि तो या विषयावर लिहिणारे सहसा सांगत नाहीत. मिलिटारिस कॉर्डिसेपिनबरोबर पेंटोस्टॅटिनही बनविते, कारण ते कॉर्डिसेपिनचे विघटन रोखते. पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या एका कर्करोगात वापरले जाणारे तीव्र औषध आहे. म्हणून 'आमच्यात दुप्पट कॉर्डिसेपिन' असे सांगणाऱ्याला सोबत पेंटोस्टॅटिन किती वाढले हे विचारले पाहिजे. गॅनोडर्मामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढण्याची शक्यता असते. हृदयरोगी, शस्त्रक्रियेचे रुग्ण यांच्याकडून चालू औषधांची चिठ्ठी मागून घ्यावी. चूर्ण घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अवयवरोपण झालेल्या रुग्णाला ही द्रव्ये देऊ नयेत. कर्करोगाच्या बाबतीत २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात गॅनोडर्माला मुख्य उपचार म्हणून पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले आहे, आणि दुकानातील भित्तिपत्रकांत याच्या उलट लिहिलेले असले तरी आपण रुग्णाला हेच सांगावे.

निर्माणशाळांच्या चालकांसाठी कायद्याचा मुद्दा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३(ह) प्रमाणे आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषधात पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांच्या योगांत आलेलीच द्रव्ये वापरता येतात. ग्रंथांतील छत्रक म्हणजेच गॅनोडर्मा असे म्हणून परवान्याचा अर्ज भरण्याची युक्ती काही जण सुचवितात. शाकवर्गात दोषल म्हणून वर्णिलेले छत्रक आणि लाकडावरचे तिक्त, काष्ठवत् गॅनोडर्मा एकच ठरविणे शास्त्राला आणि कायद्याला दोन्हीला धरून नाही. अनुक्त द्रव्य म्हणून त्याचा रस, विपाक, कर्म यांचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, नोंदी ठेवाव्यात, आणि तोपर्यंत अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी विचारणा केल्याखेरीज उत्पादन बाजारात आणू नये.

माल घेताना पुरवठादाराला विचारावयाचे प्रश्न असे. संवर्धन कोठून आणले आणि हा कितव्या पिढीचा स्पॉन आहे. माध्यम कोणते, त्यात प्यूपा आहे का. काड कशाने निर्जंतुक केले. काढणी कोणत्या अवस्थेत झाली. दळताना माध्यम वेगळे केले का. बीटा-ग्लुकान, कॉर्डिसेपिन आणि जड धातू यांचे त्याच बॅचचे अहवाल आहेत का. उत्तरे खरेदीच्या नोंदवहीत बॅच क्रमांकासमोर लिहून घ्यावीत आणि डबी उघडताच थोडे चूर्ण जिभेवर ठेवून, थोडे आयोडीनला लावून त्याचा शेराही तेथेच मांडावा.